एकच ‘लिहायला’, तीन तऱ्हा: हिब्रू, अरामी, अरबी शिकताना या चुका टाळा

क-त-ब हा रूट, म्हणजे शब्दाची मूळ अक्षरं, तिन्ही भाषांत सेम आहे, म्हणजे एक शिकली की बाकीच्या दोन फुकटात, असं वाटतं ना? मलाही वाटलेलं. पण ‘लिहिणं’, ‘लिहायला’ या फॉर्मवर आलात की गाडी हमखास अडकते.

पहिला घोळ डिक्शनरीतच होतो. अरबी ‘कतबा’समोर ‘लिहिणे’ छापलेलं असतं आणि आपण ते तसंच उचलतो, पण कतबा म्हणजे ‘त्याने लिहिलं’, हिब्रू ‘कातव’चंही तेच. मग ‘मला लिहायचंय’साठी ‘उरीदु कतबा’ असलं काहीतरी तोंडातून निघतं. हिब्रूत ‘ले’ लावून ‘लिख्तोव’ म्हटलं की झालं. अरबीत ‘उरीदु अन अक्तुबा’ म्हणायचं आणि अनच्या पुढचं क्रियापद माणसाप्रमाणे बदलायचं, तिथे चुकून ‘यक्तुबा’ म्हणालात तर लिहायचं काम दुसऱ्याच्या गळ्यात! नाहीतर मसदर वापरा, ‘उरीदु अल-किताबा’. मसदर हे चक्क नाम, आपल्या ‘लिहिणं’सारखं, म्हणून ‘किताबतुहु’ म्हणजे त्याचं लिहिणं.

साध्या क्रियापदांच्या मसदरला नियम शोधत बसू नका, दुखूल, फह्म, किताबा, सगळे वेगळे, पाठच करायचे. पुढच्या फॉर्मना, म्हणजे त्याच रूटमध्ये भर घालून बनणाऱ्या क्रियापदांना, मात्र ठरलेले साचे आहेत आणि दुसऱ्या फॉर्मचा साचा तर आपण रोज बोलतो: तालीम, तहसील, तपशील, तजवीज. चारही मूळचे अरबी मसदरच आहेत.

आता अरामी, इथे मी सगळ्यात जास्त आपटलो. अरामीत साध्या क्रियापदाला पुढे ‘मि’ लागतो, ‘मिख्तव’, ‘लेमिख्तव’, म्हणजे लिहायला. हिब्रूत हाच मिख्तव म्हणजे पत्र, आणि अरबीत मक्तब म्हणजे ऑफिस किंवा टेबल. बरं, ‘मि’ दिसला की अरामी असं ठरवून मोकळं व्हावं तर पुढच्या फॉर्मना बायबलमधल्या अरामीत तो ‘मि’ नसतोच, उलट शेवटी ‘आ’ येतो. दानीएल २:१४ मध्ये ‘लेकत्ताला’ आहे, मी हिब्रूच्या सवयीने तो ‘आ’ म्हणजे ‘तिला’ धरला आणि ‘तिला मारायला’ असं लावून बराच वेळ ती बाई कोण ते शोधत बसलो. बाई कुणीच नाही, राजाच्या पहारेकऱ्यांचा प्रमुख अर्योख निघालाय बाबेलच्या ज्ञानी लोकांना मारायला. तल्मूद या ज्यू धर्मग्रंथाच्या अरामीत अजून तिसराच प्रकार, ‘लेअफोके’ म्हणजे वगळायला, त्या शेवटच्या ‘ए’ला हिब्रूतलं अनेकवचन समजू नका.

हिब्रूत पण दोन इन्फिनिटिव्ह, म्हणजे ‘लिहिणं-लिहायला’ छापाचे फॉर्म, आहेत हे विसरून चालत नाही. पहिला ‘ले’वाला, वरचा ‘लिख्तोव’. दुसऱ्याला ‘ले’ लागत नाही, तो जोर द्यायला येतो, उत्पत्ती २:१७ मधलं ‘मोत तामूत’ म्हणजे ‘नक्की मरशील’. कधी तो एकटाच आज्ञा करतो, निर्गम २०:८ मधलं ‘ज़ाखोर’ म्हणजे ‘आठवण ठेव’, त्याचं ‘आठवणं’ करू नका. आणि बायबलमध्ये पावलोपावली येणाऱ्या ‘लेमोर’चं दरवेळी ‘म्हणायला’ करायची गरज नाही, ‘तो म्हणाला की’ मधला ‘की’ पुरतो. आजच्या हिब्रूत ‘म्हणायला’ म्हणजे ‘लोमर’.

रूटच सापडत नसेल तर पहिलं अक्षर गळलंय का बघा. ‘लालेखेत’ म्हणजे जायला, रूट ह-ल-ख. ‘लातेत’ म्हणजे द्यायला, हा ‘त’खाली शोधाल तर मिळणार नाही, तो ‘न’खाली आहे, नातान.