घरच्या गॅरेजसाठी सिझर लिफ्ट: ऑर्डर देण्याआधी काय काय तपासायचं

कॅटलॉग नंतर उघडा. आधी टेप, खडू आणि टॉर्च घेऊन गाडीखाली डोकवा. छोटी सिझर लिफ्ट, म्हणजे कात्रीसारख्या उघडणाऱ्या लोखंडी पायांवर गाडी उचलणारं यंत्र, निवडताना मोटरची ताकद आणि रंगरंगोटी यांवर बरीच चर्चा होते, पण लिफ्ट बसणार की नाही हे ठरतं आपली गाडी, जमीन आणि छत यांच्या मापांवरून. ही मापं कागदावर उतरली की बाजारातली निम्मी मॉडेलं आपोआप गळतात आणि विक्रेत्याच्या ‘सगळ्या गाड्या बसतात’ या वाक्याची किंमतही कळते.

पहिला प्रश्न कामाचा. घरी नेमकं काय करणार आहात? टायर बदलणं, ब्रेक पॅड, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, इंजिन ऑइल एवढंच असेल तर साधारण ४५ ते ६० सेंटिमीटर उचलणारी लो-राइज लिफ्ट पुरते. तुम्ही स्टुलावर बसून किंवा चाकांच्या फळीवर आडवे होऊन आरामात काम करता. मिड-राइज लिफ्ट मीटरभर किंवा थोडी जास्त उचलते, पण त्यातल्या एकाच चौकटीच्या प्रकारात एक गोम आहे. कात्रीचा सगळा सांगाडा गाडीच्या बरोबर मध्ये येतो. चाकं मोकळी, इंजिन ऑइलच्या चेंबरचा नट बहुतेक वेळा हाताला लागतो, पण सायलेन्सरचा मधला पाइप किंवा मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट लिफ्टच्या लोखंडामागे दडतो. गिअरबॉक्स उतरवायचा विचार असेल तर डावा-उजवा असे दोन वेगळे प्लॅटफॉर्म आणि मध्ये मोकळी जागा असलेलीच लिफ्ट बघा. माणूस उभा राहील इतकी उंच जाणारी दुहेरी कात्रीची लिफ्टही मिळते, पण तिचं वजन आणि तिला लागणारा पाया घरच्या गॅरेजला सहसा झेपत नाही. माझं मत विचाराल तर बहुतेक घरांना मोकळ्या मध्याची लो-राइज पुरते. जास्त उंचीच्या मोहात पडून मधली जागा गमावण्यात शहाणपण नाही.

उंचीचा हिशेब बहुतेक जण चुकीचा करतात, म्हणून इथे जरा थांबू. कॅटलॉगमधली उंची प्लॅटफॉर्मची असते, गाडी किती वर जाते त्याची नव्हे. समजा प्लॅटफॉर्म १०० सेंटिमीटरपर्यंत जातो, वर ६ सेंटिमीटरचा रबरी ठोकळा आहे आणि तुमच्या गाडीची जॅक लावायची जागा जमिनीवर उभी असताना १८ सेंटिमीटरवर आहे. मग गाडी प्रत्यक्षात ८८ सेंटिमीटर वर गेली. टपाची उंची दीड मीटर असेल तर टप २ मीटर ३८ सेंटिमीटरला पोचला. आता छताकडे बघा. मोजायचं ते छतापासून नव्हे, तर खाली लोंबणाऱ्या दिव्यापासून, तुळईपासून किंवा वर सरकणाऱ्या दाराच्या रुळापासून. शिवाय गाडी वर असताना बॉनेट किंवा डिकी उघडावी लागणार का, हेही ठरवा. उघड्या बॉनेटचं टोक टपाच्याही वर जातं. आणि चाकं हवेत गेली की सस्पेन्शन सैल होऊन खाली लोंबतं, त्यामुळे टायर आणि जमिनीतलं अंतर ८८ पेक्षा कमीच भरतं.

मग गाडीचं पोट. मालकाच्या पुस्तिकेत जॅक लावायच्या चार जागा दाखवलेल्या असतात. त्यांवर खडूने खूण करा आणि पुढच्या-मागच्या खुणांमधलं अंतर मोजा. हे अंतर प्लॅटफॉर्मच्या लांबीत बसायला हवं. काही मॉडेलांत चढ-उताराच्या पट्ट्या आडव्या करून लांबी वाढवता येते, पण त्या पट्ट्यांना वजन सोसायची परवानगी आहे का ते पुस्तिकेत बघा. दाराखालच्या पत्र्याची उभी कड सपाट रबरावर टेकवली तर ती दुमडते. तिच्यासाठी मधोमध खाच असलेले ठोकळे लागतात. शिडीसारखी वेगळी चासी असलेल्या गाडीला कडेला नव्हे, आतल्या बाजूला चासीवर टेकू द्यावा लागतो, म्हणजे दोन प्लॅटफॉर्ममधलं अंतरही महत्त्वाचं. फूटबोर्ड बसवलेला असेल तर तो वाटेत येतो का तेही बघा.

मिटलेल्या लिफ्टची उंची विसरू नका. ती बऱ्याच मॉडेलांत १० ते १२ सेंटिमीटर असते. गाडी बुटकी असेल, पुढचा बंपर खाली उतरलेला असेल, तर लिफ्टवर चढतानाच तो घासेल. लाकडी फळ्या टाकून वाट काढता येते, पण रोज रात्री गाडी त्याच जागी लावायची असेल तर रोज फळ्या टाकणार का? जमिनीत खळगा करून लिफ्ट फरशीच्या पातळीला बसवणं दिसायला सुरेख. मात्र खळग्यात पाणी साचलं की पिना आणि तळ गंजतात, तेव्हा निचऱ्याची सोय आधी हवी. खळगा नको असेल तर हलकी, चाकांवर ढकलून भिंतीला लावता येणारी लो-राइज बघा.

वजनाचं कोडं सोपं आहे. गाडीचं रिकामं वजन कागदपत्रांत असतं. त्यात डिकीतलं सामान, टपावरचं कॅरिअर आणि टाकीतलं इंधन मिळवा आणि क्षमता त्याहून बरीच वरची घ्या. इलेक्ट्रिक गाडी तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा बॅटरीमुळे जड असते. आणि तिच्या बॅटरीच्या खोक्याला टेकू कधीच द्यायचा नाही. इंजिन पुढे असलेल्या गाडीचं वजन पुढच्या बाजूला झुकलेलं असतं, म्हणून लिफ्टच्या मध्यावर गाडीच्या लांबीचा मध्य नव्हे, वजनाचा मध्य यायला हवा. लिफ्टवर असताना इंजिन किंवा गिअरबॉक्स काढला की तो मध्य सरकतो. असं काम असेल तर जॅक स्टँड जवळ हवेत.

जमीन हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. गाडी आणि लिफ्ट मिळून दोन टनांच्या आसपास वजन काही थोड्या जागेवर उतरतं. बऱ्याच पुस्तिका किमान १० सेंटिमीटर जाडीचं सलग काँक्रीट मागतात. नवीन ओतलेलं असेल तर २८ दिवस मुरू द्या. टाइल्स किंवा पेव्हर ब्लॉकवर लिफ्ट ठेवू नका. टाइलखाली बऱ्याचदा पोकळी असते, आणि वजन आलं की टाइल ठिकरीसारखी उडते. हातोडीच्या दांड्याने ठिकठिकाणी ठोकून बघा, बद्द आवाज आला तर तिथे खाली पोकळ आहे. जाडीची शंका असेल तर कोपऱ्यात छोटं भोक पाडून, वाकडी तार आत घालून मोजा. खाली पाण्याची टाकी, सेप्टिक टँक किंवा तळघर असेल तर बांधकामाच्या इंजिनीअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. निचऱ्यासाठी दिलेला उतारही बघा: स्पिरिट लेव्हल लावून तो पुस्तिकेतल्या मर्यादेत आहे ना ते ठरवा. पातळ पत्र्याचे तुकडे खाली सारून सगळाच उतार भरून निघत नाही.

वीज. घरगुती लिफ्टच्या मोटरी बहुतेक सिंगल फेज आणि सुमारे २.२ किलोवॅटच्या असतात. २३० व्होल्टवर त्या १० ते १५ अँपिअर ओढतात आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. कात्री पूर्ण मिटलेली असताना तिला तेलाच्या दाबाने ढकलणारा सिलिंडर जवळजवळ आडवा असतो, म्हणून पहिल्या वीतभर उचलण्यात सगळ्यात जास्त जोर लागतो. तेव्हाच कमकुवत वायरिंग उघडं पडतं. स्वतंत्र लाइन, योग्य एमसीबी, नीट अर्थिंग घ्या. लांब एक्स्टेन्शन बोर्ड नको. थ्री फेज मॉडेल स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका.

आता लॉक. हायड्रॉलिक दाबावर तोललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही. गाडी उचलून मग किंचित खाली सोडायची, म्हणजे ती लोखंडी दातांवर बसते आणि सगळा भार यांत्रिक लॉकवर येतो. म्हणून विकत घेताना लॉक किती उंचीपासून लागतं आणि दोन दातांमध्ये किती अंतर आहे हे विचारा. दोन्ही प्लॅटफॉर्म एकाच दातावर बसतात ना, हे डोळ्यांना दिसायला हवं. होज पाइप फुटला तर तेल अडवणारा व्हॉल्व्ह सिलिंडरपाशीच आहे का? बटण सोडताच लिफ्ट जागीच थांबते का? काही मॉडेलांत लॉक सुटायला हवेचा दाब लागतो, म्हणजे कॉम्प्रेसर आला. आणखी एक प्रश्न फार कोणी विचारत नाही: गाडी लॉकवर असताना वीज गेली तर? लॉक सोडवायला आधी गाडी थोडी उचलावी लागते, आणि पंप तर बंद. नुसता हाताने उघडायचा व्हॉल्व्ह इथे उपयोगी पडत नाही, हातपंप लागतो. तो सोबत येतो की वेगळा घ्यावा लागतो, हे लेखी घ्या. क्षमतेची पाटी आणि युरोपीय ईएन १४९३ (गाडी उचलणाऱ्या लिफ्टचं मानक) किंवा अमेरिकी एएलआय (ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट) प्रमाणपत्राचा क्रमांक दाखवायला सांगा, नुसता स्टिकर पुरत नाही.

जुनी लिफ्ट घेताय? वेल्डिंगवर केसासारख्या भेगा, सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर ओरखडे, पिनांमध्ये खुळखुळाट आणि ताजा रंग मारलेले सांधे बघा. मूळ पुस्तिका आणि सुटे भाग मिळत नसतील तर सोडून द्या.

माल येण्याच्या दिवसाचीही तयारी लागते. मिड-राइज लिफ्ट कित्येकदा चारशे किलोच्या घरात जाते. ती ट्रकमधून कोण उतरवणार, फाटकातून आत कशी येणार, हे आधीच ठरवा. बसवल्यावर रिकामी लिफ्ट काही वेळा पूर्ण वर-खाली करून सिलिंडरमधली हवा काढा, दोन्ही बाजू समान उचलतात का बघा. पुस्तिकेत लिहिलेल्याच ग्रेडचं हायड्रॉलिक तेल भरा. पहिल्यांदा गाडी चढवली की चाकं जमिनीपासून जेमतेम सुटेपर्यंतच उचला, थांबा, चारही ठोकळे खुणांवर आहेत ना ते वाकून बघा, गाडीला बाजूने हलका धक्का द्या. डुलली तर खाली उतरवून पुन्हा मांडा. सगळं ठीक वाटलं तर वर न्या, लॉकवर बसवा आणि होजच्या जोडांखाली कोरडा पुठ्ठा ठेवून थोडा वेळ निघून जा. परत आल्यावर त्यावर तेलाचा डाग दिसला तर जोड पुन्हा आवळा. लिफ्ट जमिनीला जखडणारे अँकर बोल्ट असतील तर त्यांचा टॉर्क, म्हणजे आवळणीचा जोर, दुसऱ्या दिवशी तपासा, आणि त्यानंतर पुस्तिकेत दिलेल्या मुदतीप्रमाणे.