फाफ्सावर व्हेरिफिकेशन लागलं तर

मुलाच्या फाफ्सावर, म्हणजे अमेरिकेत कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदत मागायच्या अर्जावर, व्हेरिफिकेशन (पडताळणी) लागलं की आपल्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला: "आपलं काय चुकलं?" बहुतेक वेळा काहीच चुकलेलं नसतं. इथलं शिक्षण खातं दरवर्षी काही अर्ज तपासायला काढतं, कॉलेजही आपल्या अखत्यारीत काढू शकतं. अर्जात लिहिलेलं कागदांशी जुळतं का, एवढंच बघतात. पण ते पुरं होईपर्यंत पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची सरकारी मदत, सहसा हाती येत नाही. फॉल सेमिस्टरचं बिल ऑगस्टच्या सुमारास येतं, तेव्हा पत्र "गणपती झाले की बघू" म्हणून फ्रिजवर चिकटवून ठेवू नका.

नुकतेच आलेल्यांसाठी आधी एक खुलासा. मुलगा स्वतः एच-फोर (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर मिळणारा) किंवा एफ-वन (विद्यार्थ्याचा) व्हिसावर असेल तर ही सरकारी मदत त्याच्यासाठी नाही. ग्रीन कार्ड असेल किंवा तो इथला नागरिक असेल, तर आहे. मग आईवडील अजून एच-वन या नोकरीच्या व्हिसावर का असेनात.

उत्पन्नाचा भाग आता सोपा झालाय. विद्यार्थी आणि पालक दोघांनी संमती दिली की आकडे आयआरएसकडून, म्हणजे इथल्या आयकर खात्याकडून, थेट येतात. ते दोन वर्षांपूर्वीचे असतात, म्हणजे २०२६-२७ साठी २०२४ चा टॅक्स. आकडे आलेच नाहीत तर आयआरएसच्या साइटवरून टॅक्स रिटर्नचं ट्रान्सक्रिप्ट (उतारा) फुकट उतरवून घ्या. फाफ्सा भरायलाही पैसे पडत नाहीत. मागणारा भेटला तर नमस्कार करून निघा.

आपली माणसं अडकतात ती कुटुंबाच्या संख्येत. गावी आईबाबांना दरमहा पैसे पाठवतो म्हणून त्यांना धरता येत नाही. तुमच्या घरात राहणारा आणि निम्म्याहून जास्त खर्च तुम्हीच करता असा माणूस मोजतात. व्हिजिटर व्हिसावर नातवंडांना भेटायला आलेले आजीआजोबा त्यात बसत नाहीत.

आता आमची फजिती. मुलीच्या कॉलेजने दोन कागद मागितले होते. माझ्या अंगात तहसील कचेरी मुरलेली. मी बावीस पानांची चळत पाठवली, न जाणो मागाहून काही मागतील म्हणून. त्यात भारतातल्या बँकेचं स्टेटमेंटही होतं. आठवड्याने तेच पान परत आलं, नाशिकच्या फ्लॅटचं भाडं जमा झालेल्या ओळीभोवती पिवळा गोल. भाडं आम्ही टॅक्समध्ये दाखवलं होतं, पण फ्लॅट फाफ्सात नव्हता. नाशिकच्या फ्लॅटचं इथल्या फॉर्मला काय, असं आम्हाला खरंच वाटलं होतं. तसं नसतं. राहतं घर सोडून बाकीची स्थावर मालमत्ता गुंतवणुकीत धरतात, ती कुठल्याही देशात असो. बाजारभावातून कर्ज वजा करायचं, डॉलरमध्ये लिहायचं. आणि हाती आलेल्या कागदांत विसंगती दिसली की ती सोडवल्याशिवाय कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या ऑफिसला पुढे जाता येत नाही. अर्ज दुरुस्त केला, मदत थोडी घटली, सेमिस्टरची पहिली फी आम्हाला खिशातून भरावी लागली. चळत पाठवली नसती तर निभावलं असतं, असं एका मित्राने ऐकवलं. त्याचं ऐकू नका. जाणूनबुजून खोटं लिहिण्याला २०,००० डॉलरपर्यंत दंड आणि तुरुंगही आहे. फ्लॅट पहिल्याच दिवशी लिहा, आणि कागद मात्र मागितले तेवढेच द्या.

नावाचा घोळ वेगळाच. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव, आडनाव सगळं बदलतं. सोशल सिक्युरिटी कार्डावर (इथल्या सरकारी नंबराचं कार्ड) माहेरचं नाव आणि टॅक्सवर सासरचं असेल तर आईचं फाफ्सासाठीचं ऑनलाइन खातं तिथेच अडतं. खात्यात कार्डावरचं नाव अक्षर न् अक्षर तसंच टाका. नाव बदलायचंच असेल तर मूल अकरावीत असतानाच सोशल सिक्युरिटी ऑफिसची वारी करून घ्या.

काही मुलांना ओळख पटवायलाही सांगतात. तेव्हा सहसा फोटोचं ओळखपत्र घेऊन स्वतः कॉलेजच्या ऑफिसात जायचं, आणि सही मागितली तर ती तिथल्या माणसासमोरच करायची. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा घरूनच सही ठोकून घेऊन गेला. त्याला नवा कोरा फॉर्म देऊन पुन्हा रांगेत उभं केलं.