मुलाखत झाली, आता मेसेज कधी करायचा?

अर्जाचं भराभर उरकतो. रेझ्युमे पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचं नाव. ‘फायनल न्यू २’ नको. विषयाच्या ओळीत पद, नाव, अनुभव, नोटीस पिरियड. ‘टू’चा रकाना सगळ्यात शेवटी भरा. जीमेलचं ‘अनडू सेंड’, म्हणजे पाठवलेला मेल परत घ्यायची सोय, मुळात ५ सेकंदांवर असतं, ते सेटिंगमध्ये जाऊन ३० वर न्या. अटॅचमेंट राहिली हे सेंड दाबल्यावरच आठवतं.

खरी गोची मुलाखतीनंतर. ‘कळवतो’ म्हणतात आणि फोन गप्प. ‘चिकाटी दाखव, रोज विचार’ असं सांगणारे एक काका प्रत्येक घरात असतात. मी त्यांचं ऐकलं होतं. चाकणच्या एका कारखान्यातल्या एचआर मॅडमना सलग चार दिवस व्हॉट्सॲपवर ‘हाय मॅम, एनी अपडेट?’ पाठवलं, एकदा तर रात्री पावणेदहाला. पाचव्या दिवशी त्यांचा डीपी दिसेनासा झाला.

तेव्हा निघतानाच विचारून घ्या, ‘साधारण कधीपर्यंत कळेल?’ त्याच संध्याकाळी दोन ओळींचा आभाराचा मेल टाका. घरची अडचण त्यात अजिबात नको. सांगितलेली तारीख उलटली की कामाचे दोन दिवस जाऊ द्या आणि त्याच जुन्या मेलला रिप्लाय करा. नवा मेल केलात तर एवढ्या उमेदवारांतले तुम्ही कोण, हे त्यांना शोधत बसावं लागतं. आणि मजकूर इतकाच:

‘नमस्कार मॅडम, १२ तारखेला क्वालिटी इंजिनिअर पदासाठी मुलाखत झाली होती. निर्णय झाला असल्यास कृपया कळवावं. आणखी कागदपत्रं लागली तर पाठवतो.’

उत्तर नाही आलं तर आठवड्याने अजून एक. तिसरा नाही. काकांना काय वाटायचं ते वाटू द्या.

व्हॉट्सॲप फक्त तिकडून आधी मेसेज आला असेल तरच, तेही ऑफिसच्या वेळेत. नुसतं ‘हाय’ टाकून ताटकळत बसू नका, सगळं एकाच मेसेजात लिहा. ब्लू टिक दिसली म्हणून लगेच फोन लावायचा नाही. ट्रूकॉलरवर आपलं नाव काय दिसतं तेही मित्राच्या फोनवर बघून घ्या. माझं बरेच दिवस ‘बंट्या गॅरेज’ होतं.

ऑफर लेटरआधी कुणी डिपॉझिट मागितलं तर फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

दुसरीकडे जॉइन होणार असाल तर बाकीच्यांना एका ओळीत कळवा. मी एकदा नव्हतं कळवलं. दोन वर्षांनी भलत्याच कंपनीत मुलाखतीला गेलो, तर टेबलापलीकडे तेच साहेब.