दर कोसावर मातीतले जिवाणू बदलतात का? असं तपासा

पाचगणी आणि वाईच्या मध्ये फक्त पसरणीचा घाट. वर जांभ्याची तांबडी, आम्लधर्मी माती. खाली काळी, बहुधा चुनखडीची. सोलापूर आणि यवतमाळ एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांब, तरी काळी माती दोन्हीकडे. जिवाणू अंतरामुळे बदलतात की मातीमुळे, हे बघायचं तर अशाच जोड्या निवडा. पुण्याहून रत्नागिरीपर्यंत सरळ रेघ मारून नमुने घेतलेत तर अंतर, पाऊस, माती सगळं एकदमच बदलतं, आणि मग कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही.

जमिनीचा वापर सारखा ठेवा. एकीकडे पडीक रान, दुसरीकडे उसाचा फड असं नको. मालकाला विचारा, वनखात्याची जमीन असेल तर लेखी परवानगी घ्या. सगळे नमुने एकाच हंगामातले हवेत.

पालापाचोळा सारा. खुरपं ७० टक्के अल्कोहोलने पुसून वाळू द्या, दर जागी नव्याने. वरच्या १० सेंमी थरातली माती पाच ठिकाणांहून घेऊन कोऱ्या पिशवीत कालवा. शिवाय एकाच शेतात १, १० आणि १०० मीटरवरचे नमुने वेगळे ठेवा. पिकाच्या मुळाशी असलेले जिवाणू आणि दोन ओळींमधले जिवाणू सारखे नसतात. हा घरातलाच फरक माहीत नसेल तर गावागावांतला फरक मोजून काय उपयोग? पिशवीवर तारीख आणि जीपीएस लिहा, बर्फाच्या पेटीत ठेवा.

सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते) मोजायला विसरू नका: २० ग्रॅम माती, ५० मिली डिस्टिल्ड वॉटर, ढवळून अर्धा तास थांबा, मग मीटर बुडवा. फायरर आणि जॅक्सन या संशोधकांनी २००६ मध्ये उत्तर-दक्षिण अमेरिकेतले ९८ मातीनमुने तपासले, तेव्हा जिवाणूंच्या विविधतेचा सगळ्यात चांगला अंदाज सामूवरूनच आला. सर्वांत कमी विविधता निघाली पेरूतल्या ॲमेझॉनच्या आम्ल मातीत! हिरवंगार जंगल बघून फसायला नको.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत बशीवर जिवाणू वाढवता येतात, पण मातीतले बहुतेक तिथे उगवतच नाहीत. खरी यादी हवी तर मातीतून डीएनए काढून १६एस या जिवाणू ओळखायच्या जनुकाचं सिक्वेन्सिंग (डीएनएतल्या अक्षरांचा क्रम वाचणं) करून घ्या. सोबत माती न घातलेला एक कोरा नमुनाही पाठवा. त्यात जे सापडेल ते रसायनांतून किंवा हाताळणीतून आलेलं.

निकाल आले की प्रत्येक जोडीतला जिवाणूंचा फरक आलेखावर दोनदा मांडा, एकदा किलोमीटरसमोर, एकदा सामूच्या फरकासमोर. पाचगणी-वाई ही जोडी सोलापूर-यवतमाळपेक्षा जास्त वेगळी निघाली, तर पारडं मातीकडे झुकतंय असं समजा.