मोठी एक्सएमएल फाइल डेटाबेसमध्ये भरताना

लातूरच्या एखाद्या आडत दुकानातील सोयाबीन-तुरीच्या हिशेबपट्ट्यांची वर्षानुवर्षांची एक्सएमएल फाइल एकदम वाचायला घेतली, की साध्या संगणकाची मेमरी अपुरी पडू शकते. अशा वेळी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील 'इटरपार्स' (फाइल थोडीथोडी वाचणारे फंक्शन) वापरून एकेक नोंद वाचावी. नोंदीचा समाप्तीचा टॅग (ती नोंद संपल्याची खूण) आल्यावरच तिच्यापासून ऑब्जेक्ट तयार करून तो यादीत ठेवावा आणि लगेच त्या नोंदीचा मेमरीतील एक्सएमएल घटक 'क्लिअर'ने रिकामा करावा. सुमारे १००० ऑब्जेक्ट जमले, की 'एक्झिक्युटमेनी'ने (अनेक ओळी एका आदेशात भरणाऱ्या फंक्शनने) ते एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकत्र पक्क्या होणाऱ्या एका गटात, टेबलात भरावेत, कारण प्रत्येक ओळीनंतर कमिट करण्यातच, म्हणजे बदल पक्का करण्यातच, बहुतेक वेळ वाया जातो. शेवटी यादीत उरलेल्या नोंदीही आठवणीने भराव्यात. पट्टी क्रमांक मात्र मजकूर म्हणूनच साठवावा. पूर्णांकात बदलल्यास '००४५'मधील सुरुवातीची शून्ये नाहीशी होतात.