सिस्टर-फादरच्या पगारावरचा टीडीएस: दारिद्र्याचं व्रत घेतलेल्यांनी कागदपत्रं कशी लावायची

अनुदानित शाळेच्या ऑफिसात मी बरीच वर्षं पगारबिलं केली आणि त्यात सिस्टर लोकांची बिलंही असायची. एकदा एका सिस्टरांनी पासबुक माझ्या टेबलावर उघडं ठेवलं. पगार जमा, दुसऱ्याच दिवशी जवळजवळ सगळा काँग्रिगेशनच्या, म्हणजे त्यांच्या धर्मसंघाच्या, खात्यावर, मागे राहिले हजार रुपये तेही मिनिमम बॅलन्सपुरते, आणि बारा महिने हेच. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, माझ्या हातात काहीच राहत नाही, मग हे उत्पन्न माझं कसं?" प्रश्न अगदी खरा होता आणि मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आधी कायद्याचं. ब्रह्मचर्य, आज्ञापालन आणि दारिद्र्य अशी तीन व्रतं घेतलेली व्यक्ती स्वतःच्या कष्टाने जे मिळवते ते संस्थेचं होतं, चर्चच्या कॅनन लॉमध्ये (कलम ६६८) हे स्पष्ट आहे, पेन्शनसुद्धा त्यात येते. आयकर खात्याची १९४४ आणि १९७७ सालची परिपत्रकंही याच धर्तीवर होती, की मिशनरी आपली कमाई संस्थेला देत असतील तर ती त्यांच्या हातात करपात्र नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं कोणी टीडीएस, म्हणजे पगार देतानाच कापायचा आयकर, कापला नाही. मग २०१४ च्या शेवटी खात्याने पगारावर टीडीएस कापायला सांगितलं, प्रकरण कोर्टात गेलं, मद्रास हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी संस्थांच्या बाजूने निकाल दिला, तो २०१९ मध्ये तिथल्याच खंडपीठाने फिरवला, २०२१ मध्ये केरळ हायकोर्टानेही संस्थांच्या विरोधातच निकाल दिला आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने नव्वदहून जास्त अपिलं फेटाळली. म्हणजे अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टर-फादरच्या पगारावर टीडीएस लागतो, हे आता पक्कं झालं.

कारण समजून घ्या, म्हणजे राग थोडा कमी होईल. पैसा तुमच्याकडे यायच्या आधीच दुसऱ्याच्या हक्काचा झालेला असेल तर तो तुमचं उत्पन्न नाही. पण आधी तुमच्या नावावर आला आणि मग तुम्ही तो दिला, मग देणं कितीही बंधनकारक असो, तर तो तुमच्या उत्पन्नाचा विनियोग, म्हणजे मिळालेल्या उत्पन्नाचा खर्च, झाला. मुंबईच्या सीतलदास तीरथदास खटल्यात सुप्रीम कोर्टाने साठीच्या दशकाच्या सुरुवातीला हा फरक मांडला, तिथे कोर्टाच्या हुकुमाने बायको-मुलांना पोटगी द्यावी लागत होती तरी कर त्या माणसालाच लागला. शिक्षिका म्हणून नेमणूक तुमची, सर्व्हिस बुक तुमचं, शालार्थ या सरकारी पगारप्रणालीत नाव तुमचं, म्हणून पगारही तुमचाच धरला जातो. तुमच्या व्रताला याने कुठेही कमीपणा येत नाही, हे मी मनापासून सांगतो. व्रत देवापुढचं आहे, हिशोब पगारबिलाचा आहे.

आता आपण कुठे बसतो ते आधी बघा. अनुदानित शाळा-कॉलेज किंवा सरकारी दवाखान्यात पगारावर असाल तर वरचं सगळं लागू. स्वतःच्याच काँग्रिगेशनच्या आश्रमात, वसतिगृहात किंवा दवाखान्यात बिनपगारी सेवा करत असाल, राहणं-जेवण आणि थोडा हातखर्च एवढंच मिळत असेल, तर तुमच्या नावावर पगारच नाही, हिशोब संस्थेचा. आणि धर्मप्रांताचे फादर, म्हणजे पॅरिशमध्ये असतात ते, दारिद्र्याचं व्रत घेतच नाहीत, त्यांची स्वतःची मालमत्ता असू शकते, त्यांचा पगार पहिल्यापासून करपात्रच होता, ही गोष्ट आमच्या शाळेतल्या कित्येकांना माहीत नव्हती. नियम फक्त ख्रिस्ती लोकांसाठी आहे असंही समजू नका, संन्यासी महाराज कॉलेजात पगारावर असतील तर त्यांनाही हेच, आणि कीर्तनकाराचं मानधन तर सरळ उत्पन्नच आहे.

आता आकड्यांकडे या, कारण घाबरून काही न करण्यातच सगळ्यात जास्त नुकसान होतं. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीत ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून सरसकट वजावट) मिळते आणि त्यानंतर उरलेलं उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर रिबेटमुळे (करात मिळणाऱ्या सुटीमुळे) कर शून्य. समजा सिस्टरांचा महिन्याचा ग्रॉस ८५,००० आहे, वर्षाचे १०,२०,०००, वजा ७५,००० म्हणजे ९,४५,०००, स्लॅबप्रमाणे ३४,५०० कर निघतो पण रिबेटने पूर्ण जातो, भरायचा रुपया नाही. मुख्याध्यापिका आहेत आणि ग्रॉस १,२०,००० आहे असं धरा, मग वर्षाचे १४,४०,०००, वजा करून १३,६५,०००, कर ८४,७५० आणि ४ टक्के सेस ३,३९० मिळून ८८,१४०. हा खरंच भरावा लागतो. पण बहुतेक सिस्टर पहिल्या गटातच असतात, आणि त्यांनाही वाटत असतं की आता अर्धा पगार जाणार.

वर्षाच्या सुरुवातीलाच क्लार्ककडे लेखी द्या की नवी प्रणाली हवी की जुनी. काही दिलं नाही तर नवीच धरतात. पगारावरचा टीडीएस वर्षाच्या अंदाजी करावर कापतात, म्हणून कर शून्य असेल तर कापायलाच नको. कोणी म्हणालं १५जी (टीडीएस कापू नका म्हणून द्यायचा फॉर्म) भरून द्या, तर देऊ नका, तो पगारासाठी चालतच नाही. सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता एकदम आला आणि त्या वर्षी उत्पन्न फुगलं तर रिटर्नच्या आधी फॉर्म १०ई ऑनलाइन भरा, मागच्या वर्षांची सवलत मिळू शकते, आमच्याकडे हे हमखास राहून जायचं आणि मग रिलीफ नाकारल्याची सूचना यायची.

पगार काँग्रिगेशनला देता ती देणगी ८०जी, म्हणजे देणगीवर सवलत देणाऱ्या कलमाखाली वजा करता येईल का, हा पुढचा प्रश्न सगळेच विचारतात. नव्या प्रणालीत ८०जी मिळतच नाही. जुन्यात मिळतं पण संस्थेला ८०जीची मान्यता हवी, आणि एका विशिष्ट धर्मसमुदायासाठीच असलेल्या संस्थेला ती सहसा मिळत नाही. मान्यता असली तरी साधारण निम्मी रक्कम, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत, आणि संस्थेने दिलेला फॉर्म १०बीई (देणगीचं प्रमाणपत्र) हातात असायला हवा. त्यामुळे या आशेवर जुनी प्रणाली निवडण्याआधी दोन्हीचा हिशोब करून बघा. काँग्रिगेशनने मात्र आलेली रक्कम सिस्टरच्या नावानिशी पावती करून हिशोबात दाखवावी, त्यांची १२एबी नोंदणी (धर्मादाय संस्थांची आयकरातली नोंदणी) चालू असेल आणि ८५ टक्के रक्कम उद्देशांसाठी खर्च झाली असेल तर तिथे पुन्हा कर लागत नाही.

सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. घरचं नाव वेगळं, व्रतानंतरचं वेगळं, आधारवर एक, पॅनवर दुसरं, सर्व्हिस बुकात तिसरंच स्पेलिंग. एका सिस्टरांच्या पॅनवर बाप्तिस्म्याचं नाव आडनावासकट होतं आणि शालार्थमध्ये नुसतं "सिस्टर" लावून व्रताचं नाव, पॅन-आधार जोडणी तीनदा नाकारली गेली, शेवटी राजपत्रात नाव बदलून मग पॅन दुरुस्त केलं आणि त्यात सहा महिने गेले. म्हणून हे काम जुलैत काढू नका, डिसेंबरातच तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न अक्षर जुळवा.

दुसरं, आयकर पोर्टलवरचा मोबाईल नंबर आणि ईमेल. मला माहीत असलेल्या एका कॉन्व्हेंटमध्ये सगळ्यांच्या खात्याला सुपीरियरचा (कॉन्व्हेंटच्या प्रमुख सिस्टरांचा) एकच नंबर होता, त्यांची बदली झाली, नंबर त्यांच्यासोबत गेला आणि ओटीपी येईना. पगार देऊन टाकला म्हणून पॅन आणि पासवर्डही देऊन टाकायचा नसतो. नोटीस तुमच्याच नावाने येणार आहे सिस्टर, तेव्हा तुमचा लॉगिन तुम्हाला उघडता यायलाच हवा, निदान एआयएस (वर्षभरातल्या व्यवहारांची यादी) आणि २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराची यादी) वाचता यायला हवं.

रिटर्नचं म्हणाल तर कर शून्य असला तरी उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर नव्या प्रणालीत रिटर्न भरावाच लागतो. फक्त पगार आणि बँकेचं व्याज असेल तर आयटीआर-१ पुरतो. फॉर्म १६ (शाळेने दिलेलं पगार-टीडीएसचं प्रमाणपत्र) वरचा आणि २६एएस मधला टीडीएस जुळतो का बघा, जुळत नसेल तर शाळेने २४क्यू (शाळा खात्याकडे भरते ते टीडीएसचं विवरण) दुरुस्त करायला हवं, ते तुमच्या रिटर्नमध्ये दुरुस्त होत नाही. भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा, नाहीतर भरून न भरल्यासारखं.

मागच्या वर्षांत टीडीएस कापला गेला, रिटर्न भरलाच नाही आणि रिफंड अडकलाय अशा सिस्टर मी बऱ्याच पाहिल्यात. अपडेटेड रिटर्नने म्हणजे आयटीआर-यू ने रिफंड मागता येत नाही, तो कर भरायचा राहिलाय त्यांच्यासाठी आहे. रिफंडसाठी कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफीचा अर्ज करावा लागतो, कर आकारणी वर्ष (कमाईच्या वर्षानंतरचं आर्थिक वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांच्या आत, आणि उशीर का झाला ते खरं कारण लिहायचं. कोर्टात प्रकरण चालू होतं म्हणून संस्थेने थांबायला सांगितलं होतं असं असेल तर तसंच लिहा, संस्थेचं पत्र जोडा.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतो, त्यात कलमांचे नंबर बदललेत, पण २०२५-२६ च्या पगाराचा रिटर्न जुन्याच कायद्याने. एक साधी फाइल करा, त्यात पॅन, आधार, नेमणुकीचं पत्र, प्रत्येक वर्षाचा फॉर्म १६, रिटर्नची पोच आणि काँग्रिगेशनला दिलेल्या रकमेच्या पावत्या. बदली झाली की ती फाइल कॉन्व्हेंटच्या कपाटात ठेवू नका, तुमच्या बॅगेत न्या.