मूड ट्रॅकरचा हसरा चेहरा आणि आपण बायपोलरवाले: या चुका टाळा

अमळनेरहून जळगावला ओपीडीसाठी गेलो की बाहेरच्या बाकड्यावर कोणीतरी मोबाईलवर मूड नोंदवायच्या अ‍ॅपमध्ये घाईघाईने चेहरे दाबत बसलेलं असतंच. मी लांबूनच ओळखतो, महिनाभराचा मूड दहा मिनिटांत भरणं चाललंय. बारा वर्षं हा बायपोलर आजार, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार, सांभाळतोय, त्यातली सात वर्षं मोबाईलवर नोंद ठेवतोय, म्हणून स्पष्ट सांगतो: असा भरलेला आलेख दाखवण्यापेक्षा कोरा मोबाईल दाखवा. कोऱ्यावरून निदान डॉक्टरांची दिशाभूल तरी होत नाही.

पण ही त्यातली लहान चूक. मोठी चूक अ‍ॅप निवडतानाच होते. बरेचसे मूड ट्रॅकर रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे देतात आणि हसरा म्हणजे उत्तम, असं धरून चालतात. इतरांचं त्यात भागत असेल. आपला आजार खाली नेतो तसा वरही नेतो, आणि वर जाताना माणसाला वाटतं, आयुष्यात एवढं बरं कधी वाटलंच नव्हतं.

माझंच सांगतो. श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचं जागरण झालं, सकाळी विसर्जन करून आलो, तरी डोळ्यावर झोप नाही. पुढच्या रात्री तीन तास झोपलो आणि ताजातवाना उठलो. दुकान मोटार रिवाइंडिंगचं. कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडलेल्या जळक्या मोटारी काढून मध्यरात्री खोलायला बसलो. आई म्हणाली, "रातले झोपस का नही रे तू?" तिच्यावर ओरडलो. अ‍ॅपमध्ये मात्र रोज हसरा चेहरा, अगदी मनापासून. खोटी नोंद एकही नव्हती. नवव्या दिवशी अ‍ॅपने सलग नऊ दिवस आनंदी राहिल्याबद्दल शाबासकी दिली आणि त्याच दुपारी मी सोयऱ्याकडून पैसे उसने घेऊन एका जुन्या पिकअपचा इसार देऊन आलो. मला गाडी चालवता येत नाही.

डॉक्टरांनी आलेख बघितला. म्हणाले, "यात तर तुम्ही ठणठणीत दिसताय." बायको म्हणाली, "साहेब, झोपेचं विचारा ना." झोपेचा रकाना मीच बंद करून ठेवला होता, रोज कोण भरणार म्हणून. सलग चार दिवस असा चढ टिकला तर डॉक्टर साधारणपणे हायपोमेनियाचा (सौम्य चढ) विचार करतात, आठवडाभर टिकला तर मेनियाचा (तीव्र चढ). माझे नऊ हसरे चेहरे दोन्हींत बसत होते, फक्त अ‍ॅपला ते कळायची सोय नव्हती. इसार बुडाला तो बुडालाच.

तेव्हापासून माझी पट्टी उणे ३ ते अधिक ३, मधे शून्य, आणि शून्य म्हणजे चांगला दिवस. आकड्यापुढे भावना लिहीत नाही, वागणं लिहितो. अधिक १ म्हणजे गिऱ्हाइकाचं बोलणं मधेच तोडतो. अधिक २ म्हणजे रात्री अकराला जुन्या दोस्तांना फोन. उणे २ म्हणजे शटर उघडायला हात उचलत नाही. तुमची यादी वेगळी असेल, ती घरच्यांना विचारून करा. तुम्ही एकट्याने केली तर सोयीची करणार. ईमूड्ससारखं बायपोलरसाठीच बनवलेलं अ‍ॅप घेतलंत तर उदासी, चढ आणि चिडचिड वेगवेगळी भरता येते. ते लागतं, कारण कधी कधी डोकं धावत असतं आणि त्याच वेळी जीव नकोसा झालेला असतो. एका चेहऱ्यात हे कसं मावणार?

आणि झोप. सगळे रकाने सोडा, हा सोडू नका. नुसते तास लिहूनही भागत नाही. उदासीत झोप उडते तेव्हा माणूस सकाळी पिळून काढल्यासारखा असतो. चढतीला तीन तासांत भागतं. म्हणून शेजारी 'थकवा आहे' की 'नाही' तेवढं लिहा. आमच्या घरी ठरलंय: लागोपाठ दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप आणि थकवा नाही, तर बायको डॉक्टरांना फोन लावते, मला न विचारता. कानबाईला आता प्रसादाचे रोट खातो, हात जोडतो आणि दहाला झोपतो. नातेवाईक कुरकुरतात.

मूड स्थिर ठेवायला लिथियमची गोळी घेणाऱ्यांसाठी खानदेशी सूचना. मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा घाम, जुलाब, उलट्या यांचीही नोंद ठेवा. अंगातलं पाणी आणि मीठ घटलं की रक्तातलं लिथियम वाढतं. अंगदुखीवर मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनीही वाढतं. हात जास्त थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं हे 'मूड खराब' या रकान्यात घालू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्ततपासणी शेवटच्या डोसानंतर १२ तासांनी करायची असते, म्हणून गोळीची वेळही लिहा.

आलेख बघून स्वतःच गोळी कमी करणारे बहाद्दर भेटतात. त्यांच्याशी मी आता वाद घालत नाही.

नवे लोक पहिल्या दिवशी चौदा रकाने उघडतात आणि दहाव्या दिवशी अ‍ॅप काढून टाकतात. मी चारच ठेवतो: मूड, झोप, गोळी, आणि 'आज काय वेगळं घडलं' ही एक ओळ. दिवसातून दहादा मूड तपासत बसणं हेही दुखणंच. डेन्मार्कमधल्या मोनार्का चाचणीत रुग्णांनी मोबाईलवर रोज नोंद ठेवली, तरी तेवढ्याने लक्षणं कमी झाली नाहीत. नोंद औषधाच्या जागी चालत नाही. मी रात्री जेवणानंतर एकदाच भरतो.

फोनला लॉक ठेवा, दुकानातली पोरं बघतात. बॅकअप ठेवा, माझी दोन वर्षं एका हौदात बुडाली.

मरणाचे विचार आले तर ते रकान्यात लिहून झोपू नका. घरात कोणाला तरी उठवा, १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. तो फुकट आहे आणि रात्रीही उचलतात.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहिणी माहेरी आल्या की माझे दोन-तीन दिवस हमखास बुडतात. ते रिकामे सोडतो, अंदाजाने भरत नाही. बायकोने गॅसच्या वर टांगलेल्या कॅलेंडरवर त्या दिवशी टिंब दिलेलं असतं: लाल, निळं किंवा काहीच नाही. डॉक्टर आधी तेच मागतात.